मोतीबिंदू: मोती कुठला आणि बिंदू कुठला?

"डॉक्टर, मोतीबिंदू पिकलाय का?" आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात येणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असतात. "डोळ्यावर पडदा आलाय, तो काढणार ना?" आणि "लेझरनं निघेल का?" पिकणं, पडदा, लेझर या तिन्ही शब्दांमागे मोतीबिंदूबद्दलची एकेक समजूत आहे. यातल्या दोन समजुती शेकडो वर्षांच्या आहेत आणि त्या थेट या आजाराच्या नावापर्यंत पोचतात. म्हणून या प्रकरणात नावापासून सुरुवात करू. नाव कसं पडलं हे कळलं, की आजार कळायला सोपा जातो आणि कुठली समजूत आता सोडून द्यायची तेही कळतं.

१. आधी जागा ओळखू

आरशात डोळा नीट पाहा. पांढऱ्या भागाच्या मध्यावर तपकिरी किंवा काळपट गोल दिसतो, ते बुबुळ. त्याच्या केंद्रातला काळाभोर ठिपका म्हणजे बाहुली. बाहुली ही वस्तू नव्हे, ते बुबुळातलं छिद्र आहे. आतला अंधार तिथून दिसतो म्हणून ती काळी. बुबुळाच्या पुढे काचेसारखा स्वच्छ पापुद्रा असतो, त्याला पारपटल म्हणतात. बाहुलीच्या लगेच मागे नेत्रभिंग असतं. ते जेमतेम ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी फुगीर आणि पूर्ण पारदर्शक. पारपटल आणि हे भिंग मिळून आलेला प्रकाश एकत्र आणतात आणि डोळ्याच्या तळाशी असलेल्या दृष्टिपटलावर त्याची प्रतिमा पाडतात.

या भिंगाचा पारदर्शकपणा जाणं म्हणजेच मोतीबिंदू. डोळ्यावर काही येत नाही, डोळ्यात काही वाढत नाही. जे जन्मापासून तिथंच होतं, तेच गढूळ होतं.

आपल्याकडे डोळ्यात पांढरं दिसलं की सगळ्याला एकच नाव देण्याची सवय आहे, त्यामुळे इथं थोडं थांबायला हवं. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बुबुळाकडे सरकत येणारा मांसल पापुद्रा म्हणजे वडस. जखमेमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे पारपटलावर उरलेला पांढरा डाग म्हणजे फूल. हे दोन्ही डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. मोतीबिंदू आत, बाहुलीच्या मागे असतो. 'पडदा' हा शब्द फार तर वडसाला लागू पडेल. मोतीबिंदूला तो लागू पडत नाही, पण एके काळी जगभरच्या नामवंत वैद्यांनाही तो लागू पडतो असंच वाटत होतं.

२. डोळ्यात उतरणारं पाणी

जुन्या ग्रीक वैद्यांनी या आजाराला जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'आत ओतलं गेलेलं' असा होतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस त्याला 'सफ्यूझिओ' म्हणतो, म्हणजे पुन्हा तेच, पसरणं, झिरपणं. त्यांची कल्पना अशी, की डोक्यातून एक दूषित द्रव खाली येतो, बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये साचतो आणि हळूहळू घट्ट होऊन त्याची साय धरते.

आज हे चुकीचं ठरलं असलं, तरी त्यामागचा तर्क पक्का होता. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्यानं शिकवलं होतं की दृष्टीचं मुख्य इंद्रिय भिंगच आहे आणि ते डोळ्याच्या मधोमध आहे. पाहण्याचं काम भिंगच करतं असं मानलं, तर भिंग बिघडल्यावर माणूस कायमचा आंधळा व्हायला हवा. प्रत्यक्षात डोळ्यात सुई घालून तो पांढरा गोळा खाली ढकलला, की रुग्णाला परत दिसू लागत असे. मग ढकललेली वस्तू भिंग असेल कशी? ती भिंगासमोर साचलेली दुसरीच काहीतरी असली पाहिजे. अनुभव खरा होता, गृहीतक चुकीचं होतं आणि दोन्ही मिळून निघालेला निष्कर्ष दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकला.

अरबी वैद्यकानं हीच कल्पना पुढे नेली. युनानी हकीम मोतीबिंदूला 'नुझूल-उल-मा' म्हणतात, म्हणजे पाण्याचं उतरणं. फारसीत तो 'आब-ए-मुरवारीद' आहे, मोत्याचं पाणी. आणि ज्याला आपण काचबिंदू म्हणतो, तो फारसीत 'आब-ए-सियाह', काळं पाणी.

अकराव्या शतकात कॉन्स्टंटाईन नावाचा, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेला एक विद्वान इटलीतल्या माँते कसीनोच्या मठात बसून अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. उतरणाऱ्या पाण्यासाठी त्यानं 'कॅटरॅक्टा' हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेगानं खाली कोसळणारा. लॅटिनमध्ये त्यावरून दोन अर्थ रूढ होते: धबधबा, आणि किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडायची मजबूत जाळी. मोतीबिंदूला दोन्ही शोभतात. पाणी वरून येतं आणि प्रकाशाची वाट बंद होते. इंग्रजीतला 'कॅटरॅक्ट' तो हाच. नाईल नदीवरचे खळाळते उतार आणि म्हातारपणी अंधुक होणारा डोळा, या दोघांना इंग्रजीत एकच नाव असण्याचं कारण हे असं आहे.

आता आपला शब्द. बिंदू म्हणजे टिंब, आणि बिंदू म्हणजे थेंबही. पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू तुम्ही पाहिला असेल, तर बाहुलीच्या काळ्या ठिपक्याच्या जागी एक गोल, किंचित चमकणारा, दुधी मणी दिसतो. मोती हे नाव त्याला ज्या कोणी दिलं असेल, त्यानं डोळे भरून पाहिलं असणार. मोत्यासारखा थेंब आणि मोत्याचं पाणी: मराठी शब्दाचे दोन्ही घटक आपले आहेत, पण चित्र इराणातल्या माणसानं पाहिलं तेच. आणि त्यात द्रवाची ती जुनी कल्पनाही अलगद येऊन बसली आहे.

३. सुश्रुतांची शलाका

संस्कृत वैद्यकानं नाव देताना वेगळी वाट धरली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे थर, म्हणजे पटलं, मानून दोष जसजसा आतल्या पटलांत शिरतो तसतशी दृष्टी कशी जाते याचं वर्णन आहे. अंधूक दिसणं हे तिमिर. दोष आणखी वाढला की काच. आणि चौथ्या पटलापर्यंत पोचून दृष्टी पूर्ण अडली की लिंगनाश. इथं लिंग म्हणजे ज्याच्यामुळे पदार्थाचं ज्ञान होतं ती डोळ्याची शक्ती, तिचा नाश. ही नावं डोळा बाहेरून कसा दिसतो यापेक्षा रुग्णाला काय दिसत नाही, यावर बेतलेली आहेत.

कफामुळे झालेल्या लिंगनाशावर उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात शस्त्रक्रिया सांगितली आहे. ती वाचताना आपण खोलीत उभे राहून पाहतो आहोत असं वाटतं. ऋतू फार उष्ण नको, फार थंडही नको. रुग्णाला बसवायचं, कोणीतरी त्याला घट्ट धरायचं आणि त्यानं स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहायचं. शलाका आठ अंगुळं लांब, मधोमध सूत गुंडाळलेली, कळीसारख्या टोकांची. तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची. कानाकडच्या बाजूनं, पांढऱ्या भागात, रक्तवाहिन्या टाळून वेध घ्यायचा. डाव्या डोळ्यासाठी उजवा हात, उजव्या डोळ्यासाठी डावा. वेध बरोबर लागला तर पाण्याचा थेंब येतो आणि बारीक आवाज होतो. लगेच डोळ्यावर स्त्रीचं दूध शिंपडायचं. मग शलाकेच्या टोकानं दृष्टिमंडल खरवडायचं आणि रुग्णानं दुसरी नाकपुडी बंद करून जोरात शिंकरायचं, म्हणजे कफ निघून जाईल. समोरच्या वस्तू दिसू लागल्या की शलाका हळूच बाहेर. डोळ्यावर तुपाची पट्टी, उताणं निजणं, आणि शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सगळं वर्ज्य.

यातली शेवटची काळजी आजच्या डॉक्टरलाही पटेल. डोळ्याला नुकतीच जखम झालेली असताना शिंकेचा दाब धोक्याचाच. शिंकरून कफ बाहेर जाईल ही समजूत मात्र टिकली नाही. पांढरा गोळा डोळ्याबाहेर जात नव्हता. ते खुद्द भिंग होतं. आपल्या जागेवरून निसटून ते डोळ्याच्या मागच्या पोकळीत तळाशी जाऊन बसत होतं. वाट मोकळी झाल्यामुळे प्रकाश आत शिरे आणि ज्याला फक्त उजेड-अंधार कळत होता, त्याला माणसांच्या आकृती दिसू लागत. पण भिंगाशिवाय ते दिसणं अस्पष्टच राही. शिवाय आत पडलेल्या भिंगामुळे दाह होई, दाब वाढे, जंतू शिरत आणि पुष्कळांचे डोळे पुढे कायमचे जात. तरीही ही पद्धत भारतात गावोगाव हिंडणाऱ्या वैदूंच्या हातून विसाव्या शतकापर्यंत चालू होती. मद्रासला काम केलेले नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१८ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

सुश्रुतांचा 'काच' हा शब्द नंतर सरकत सरकत दुसऱ्याच आजाराला जाऊन चिकटला. आज मराठीत काचबिंदू म्हणजे मुख्यतः डोळ्यातला दाब वाढून मागच्या नसेला इजा होणं. भिंग गढूळ होण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. दोन्ही नावांत 'बिंदू' असल्यामुळे घरोघरी हे दोन आजार एकमेकांचे भाऊ मानले जातात, आणि ही गल्लत महागात पडते. मोतीबिंदूनं गेलेली दृष्टी बहुतेकदा परत मिळते. काचबिंदूनं गेलेली परत मिळत नाही. "मोतीबिंदूच असेल, बघू पुढच्या वर्षी" असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यात काचबिंदू असला, तर ते वर्ष भरून निघत नाही.

४. एका सैनिकाचा डोळा

तो पांढरा पदार्थ भिंगच आहे, हे युरोपात १६५६ साली येना इथल्या रोल्फिंक यांनी शवविच्छेदनातून दाखवलं होतं, पण ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १७०५ साली पिएर ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरला तूर्ने इथं मरण पावलेल्या एका सैनिकाचा डोळा तपासायला मिळाला. त्यात मोतीबिंदू होता. ब्रिसोनं आधी नेहमीसारखी सुई घालून तो खाली ढकलला, मग डोळा उघडून पाहिला. भिंगासमोरची साय वगैरे काही नव्हतं. जे ढकललं गेलं, ते भिंग होतं. त्यानं हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. अकादमीनं सुरुवातीला ते मान्य केलं नाही, गेलेनची शिकवण इतकी खोल मुरली होती. तोवर केप्लरनं प्रतिमा दृष्टिपटलावर पडते असं सांगूनही शंभर वर्षं झाली होती.

एकदा भिंग दोषी ठरल्यावर पुढचा विचार आपोआप आला: ढकलायचं कशाला, बाहेरच काढू. जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १७४७ साली पारपटलाच्या कडेला छेद देऊन भिंग बाहेर काढलं आणि १७५३ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. मात्र बधिर करण्याचं औषध नव्हतं, ते १८८४ साली कार्ल कोलरनं कोकेनच्या थेंबांच्या रूपानं आणलं. जुनी सुईही लगेच सुटली नाही. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर १७५० साली लाइपझिगमध्ये एका फिरत्या इंग्रज वैद्यानं ती दोनदा चालवली. बाख पूर्ण आंधळे झाले आणि त्याच वर्षी जुलैत वारले.

या कथेत मराठी माणसानं अभिमानानं पाहावं असं एक पान तंजावरला आहे. तिथले भोसले घराण्यातले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना वैद्यकाची मनापासून ओढ होती. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करून ठेवल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत आणि त्यांत मोतीबिंदूचेही रुग्ण आहेत. रुग्णाचं नोंदपत्रक ही कल्पना आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीचं हे काम आहे.

५. पारदर्शक भिंग पांढरं का होतं?

भिंगात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आणि उरलेलं बहुतांश प्रथिनं असतात. रक्तवाहिनी एकही नाही, कारण असती तर ती प्रकाशाच्या वाटेत आली असती. तंतूंसारख्या लांबट पेशी थरावर थर रचलेल्या असतात. नवे थर बाहेरून आयुष्यभर चढत राहतात आणि जुने मध्याकडे दाबले जातात. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगाचा गाभा त्याच्या जन्माआधीचा असतो, आणि त्यातली प्रथिनंही तेव्हाचीच. शरीरातल्या इतर पेशींसारखी ती बदलली जात नाहीत.

ही प्रथिनं सुटीसुटी आणि सारख्या अंतरावर दाटीनं बसलेली असतात तोवर प्रकाश सरळ आरपार जातो. वय, ऊन, तंबाखूचा धूर, मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधं यांमुळे त्यांची घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो. कच्च्या अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग आठवा. तो पाण्यासारखा स्वच्छ असतो, तव्यावर पडला की पांढरा होतो. त्यात वरून काही मिसळलेलं नसतं, त्याच प्रथिनांची मांडणी बदललेली असते. आणि तो परत पारदर्शक होत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब विकणाऱ्यांवर विश्वास का ठेवू नये, याचं कारणही यातच आहे.

गढूळपणा कुठे सुरू झाला यावर त्रासाचं स्वरूप ठरतं. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागापाशी असेल, तर रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यात फुटतात. गाभ्यात असेल, तर भिंग पिवळट, तपकिरी होत जातं. अशा माणसाला पांढरं धोतर मळकट दिसतं आणि निळा रंग बुडतो. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचं निदान झालं. त्यानंतरच्या त्यांच्या कित्येक चित्रांवर लाल-तपकिरी छटा चढली आहे. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर निळा रंग त्यांना परत भेटला. गाभ्याच्या मोतीबिंदूत आणखी एक फसवी गोष्ट घडते. भिंगाची शक्ती वाढते आणि जवळचं वाचायला चष्मा लागेनासा होतो. घरात कौतुक होतं, "सत्तराव्या वर्षी चाळिशी सुटली!" हे मोतीबिंदू सुरू झाल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा कौतुकाबरोबर तपासणीही करावी.

६. पिकण्याची वाट पाहणं

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. 'पिकणं' आलं कुठून? शलाकेच्या काळात मऊ, अर्धवट गढूळ भिंग नीट ढकललं जात नसे, म्हणून ते घट्ट व्हायची वाट पाहत. आयुर्वेदाचे ग्रंथकार वाग्भटही सांगतात, लिंगनाश चांगला तयार झालेला असावा आणि डोळ्याला दिसत नसावं, तेव्हाच वेध घ्यावा. दाव्हिएलनंतर भिंग बाहेर काढू लागल्यावरही अडचण राहिली, कारण कच्च्या मोतीबिंदूचा मऊ भाग आत चिकटून उरे.

तिसरं कारण शस्त्रक्रियेनंतरच्या दृष्टीचं होतं. डोळ्याच्या एकूण शक्तीतला साधारण एक तृतीयांश वाटा भिंगाचा असतो. ते काढल्यावर भरपाई म्हणून अंदाजे अधिक दहा नंबरचा चष्मा लागे. गावच्या नेत्रशिबिरातून हिरवी पट्टी बांधून परतलेल्या आणि मग जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या आजोबांना अनेकांनी पाहिलं आहे. त्या चष्म्यातून वस्तू पाव भागानं मोठ्या दिसत, कडेचं काही दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर दोन डोळ्यांतल्या प्रतिमा जुळतच नसत. इतकी किंमत मोजायची, तर आहे ती दृष्टी पुरती जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचंच होतं.

मग दोन गोष्टी बदलल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या आच्छादनाचे ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, पण डोळ्यानं ते सहन केले. हे ध्यानात घेऊन हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याच पदार्थाचं कृत्रिम भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. सहकाऱ्यांचा विरोध त्यांना पुढे कित्येक वर्षं सोसावा लागला. दुसरी गोष्ट, दातांच्या डॉक्टरकडचं ध्वनिकंपनांनी दात साफ करणारं उपकरण पाहून न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना सुचलेली. १९६७ साली त्यांनी तशाच कंपनांनी भिंगाचा डोळ्यातच चुरा करून तो शोषून घेण्याचं यंत्र आणलं. आज बहुतेक ठिकाणी हेच होतं. तीन मिलिमीटरच्या आतबाहेरचा छेद, भिंग ज्या पातळ पिशवीत असतं तिचं पुढचं तोंड गोल उघडायचं, चुरा करून ओढून घ्यायचा आणि रिकाम्या पिशवीत घडी घातलेलं नवं भिंग सोडायचं. ते आत गेल्यावर आपोआप उलगडतं. टाका बहुधा लागत नाही. आपल्या देशात ही भिंगं सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानं १९९२ साली सुरू झालेल्या कारखान्याचा मोठा हातभार लागला.

या नव्या पद्धतीत हिशेब उलटा झाला आहे. मोतीबिंदू जितका पिकेल, तितका तो कडक होतो, फोडायला कंपनं जास्त लागतात आणि पारपटलाला त्रास होतो. फारच पिकू दिला, तर भिंग फुगून किंवा आतून पाझरून डोळ्याचा दाब एकाएकी चढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो. हे संकट संपूर्ण टाळता येण्याजोगं आहे, आणि निव्वळ एका जुन्या शब्दाला धरून बसल्यामुळे ते कोणावर यावं याचं मला वाईट वाटतं. याचा अर्थ थोडासा मोतीबिंदू दिसला की धावत ऑपरेशन, असाही नाही. वाचन, स्वयंपाक, गाडी चालवणं, शेतातलं काम, जिना उतरणं यांत अडचण येऊ लागली, की वेळ झाली.

७. आणि लेझर?

वर सांगितलेली कंपनं ध्वनीची आहेत, प्रकाशाची नव्हेत. काही ठिकाणी छेद देण्यासाठी आणि भिंग आधी कापून घेण्यासाठी लेझर वापरतात, पण बहुतेक शस्त्रक्रियांत त्याची गरज नसते. लेझरचा खरा उपयोग पुढे पडतो. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या भिंगामागची पिशवी काहींच्या डोळ्यात धुरकट होते. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. भिंगच काढून टाकलेलं असल्यानं तो परत येऊच शकत नाही. त्या पिशवीला लेझरनं मध्ये खिडकी पाडतात, काही मिनिटांत काम होतं.

आता पुढच्या वेळी दवाखान्यात "पिकलाय का?" ऐवजी तीन गोष्टी विचारा: यांचं कुठलं काम अडतंय, ते या मोतीबिंदूमुळेच अडतंय का, आणि डोळ्याचा दाब व मागची नस तपासली का. तिसरा प्रश्न काचबिंदूसाठी आहे, तो विसरू नका. आणि तान्ह्या बाळाच्या किंवा लहान मुलाच्या बाहुलीत, प्रत्यक्ष पाहताना किंवा फोटोत, मोत्यासारखी पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही थांबू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याचा कर्करोगही, आणि दोन्हींत उपचार जितक्या लवकर, तितकं अधिक वाचतं.